पुस्तक छापले, पुढे काय?

(फावल्या वेळात लेखन करणाऱ्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या सभेत केलेले भाषण)

आपल्यापैकी कोणी शिक्षक आहे, कोणी कचेरीत कारकून आहे, कोणी इस्पितळात परिचारिका आहे. दिवसाचे काम आटोपल्यावर, घरची माणसे निजल्यावर, हीच मंडळी आपल्या आठवणी, कविता, वस्तीचा इतिहास लिहीत बसतात. मीही त्यांतलाच एक. दिवसा वकिली करतो. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी लिहितो. वारसाहक्क आणि जमिनीचे कागद यांविषयी सामान्य माणसाला समजेल असे एक लहान पुस्तक मी लिहिले व पदरमोड करून छापले. ते पैसे घरखर्चातून वाचविलेले होते. ते परत येतात की नाही याची वाट घरातील सर्वच पाहत होते.

पुस्तक कसे लिहावे हे मला आज सांगावयाचे नाही. छापून झालेल्या पुस्तकाचे पुढे काय करावे, एवढेच सांगावयाचे आहे. कारण छापखान्यातून निघालेले पुस्तक थेट पलंगाखाली जाऊन विसावले, असे लेखक मला आपल्या वस्त्यांतून पुष्कळ भेटतात. मी विचारतो, "पुस्तक लोकांपुढे का नेत नाही?" उत्तर येते, "आपणच आपले पुस्तक विकायचे, हे बरे दिसत नाही. लोक म्हणतील, याला मिरवायची हौस आहे."

या संकोचाचा विचार आपण नीट केला पाहिजे. त्यासाठी एका स्वखर्चाने छापलेल्या ग्रंथाची हकीकत मी आपणांपुढे ठेवतो.

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1936 च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले. त्यांचे भाषण वाचल्यावर मंडळाचे चालक बिचकले व त्यांनी काही भाग गाळण्याची विनंती केली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. व्यासपीठ गेले, श्रोते गेले. हाती राहिले ते न केलेले भाषण. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने प्रसिद्ध केले. तोच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हा ग्रंथ. पहिल्या आवृत्तीच्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या.

जुलै 1936 मध्ये गांधीजींनी 'हरिजन' पत्रात या ग्रंथाचा परामर्श घेतला. पुस्तकाची किंमत आठ आणे होती; ती दोन आणे, निदान चार आणे करावी, असे त्यांनी सुचविले. शिवाय, आंबेडकर हे स्वतःला विस्मृतीत जाऊ देणारे गृहस्थ नव्हेत, असाही शेरा त्यांनी मारला. बाबासाहेबांनी या शेऱ्याचा अर्थ ओळखला. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, मला प्रसिद्धीची हाव नाही, ती मला हवी त्याहून अधिकच मिळाली आहे. हे भाषण छापण्यातील माझा हेतू हिंदूंना विचार करावयास लावणे हा होता.

बंधुभगिनींनो, आपल्या संकोचाचे उत्तर येथे आहे. माणसाची प्रसिद्धी ही एक गोष्ट आणि विचाराचा प्रसार ही दुसरी गोष्ट. पहिलीत लेखक स्वतःला पुढे करतो. दुसरीत तो पुस्तकाला पुढे करतो व स्वतः त्याच्यामागे उभा राहतो. दुसरे करताना लाजण्याचे कारण काय? जे लिहिताना लाज वाटली नाही, ते वाचकाच्या हाती देताना का वाटावी?

या हकीकतीतून आणखी दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मंडळाशी झालेला पत्रव्यवहार बाबासाहेबांनी ग्रंथाच्या आरंभीच छापला. म्हणजे हे पुस्तक का जन्मले, हे वाचकाला पहिल्याच पानांत कळले. आपणही पुस्तक घेऊन कोणाकडे गेलात तर "फार छान आहे" असे म्हणू नका. ते का लिहावे लागले, हे चार वाक्यांत सांगा. दुसरी गोष्ट अशी की, 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींची टीका व तिला दिलेले आपले उत्तर ही दोन्ही परिशिष्टे म्हणून जोडली. टीकाकाराला त्यांनी आपल्याच ग्रंथात जागा दिली! म्हणून स्तुती करणाऱ्या मित्रांनाच प्रती पाठवू नका. मतभेद असणाऱ्या जाणत्या माणसालाही पाठवा. प्रामाणिक वादाने पुस्तक जिवंत राहते.

कोणी म्हणेल, ते थोर पुरुष, आपण कोण? परंतु थोर पुरुषालाही ग्रंथासाठी चार दारे ठोठवावी लागली. 14 सप्टेंबर 1956 रोजी, म्हणजे धम्मदीक्षेच्या बरोबर एक महिना आधी, बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या छपाईला सुमारे 20,000 रुपये लागणार होते व तो भार त्यांना झेपणारा नव्हता. सरकारने ग्रंथालयांसाठी 500 प्रती घ्याव्यात, असे त्यांनी सुचविले. प्रकाशनांसाठी राखलेली रक्कम संपली आहे, असे नेहरूंनी कळविले; मात्र बुद्धजयंती उत्सवाच्या वेळी ग्रंथ विक्रीस ठेवावा, अशी सूचना केली. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो 1957 साली, महापरिनिर्वाणानंतर. ग्रंथासाठी मागणे बाबासाहेबांना कमीपणाचे वाटले नाही. मग आपणांस का वाटावे?

आता व्यवहार पाहू. समजा, 500 प्रतींच्या छपाईला 40,000 रुपये लागले. एक प्रत 80 रुपयांस पडली. किंमत 150 ठेवली. आपल्या हाताने विकली तर प्रतीमागे 70 रुपये सुटतात. दुकानदाराने शेकडा 40 कमिशन घेतले तर हाती 90 येतात, सुटतात केवळ 10. आणि भिडेपोटी 100 प्रती फुकट वाटल्या तर 8,000 रुपये गेले. ते भरून काढण्यास सुमारे 115 प्रती स्वतः विकाव्या लागतील. म्हणून फुकट प्रतींची संख्या आधीच ठरवा, प्रत्येक प्रत वहीत मांडा, आणि दुकानात ठेवलेल्या प्रतींची सहीची पावती घ्या. ओळखीच्या ठिकाणी पावती मागणे हा अविश्वास नव्हे. ओळख टिकविण्याचा तोच मार्ग आहे.

विकावे कोठे? वाचक जमतो तेथे. 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या परिसरात व शिवाजी पार्कवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला दीक्षाभूमीवर, पुस्तकांची केवढी दुकाने लागतात हे आपण पाहिलेच आहे. लांबून आलेला माणूस शिदोरीच्या पिशवीत पुस्तक घालून परत जातो. स्वतंत्र दुकान परवडत नसेल तर चार लेखकांनी मिळून एक टेबल घ्यावे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते, तेथे जमणारी मंडळी ही आपल्या गावातील तयार वाचकसभा आहे. विहारप्रमुखांची परवानगी घ्या. वाचन संपल्यावर दोन मिनिटे बोला. वाचनात व्यत्यय आणू नका.

कायद्याच्याही काही गोष्टी ध्यानात ठेवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाबरोबरच लेखकाचा हक्क निर्माण होतो; नोंदणी नसली म्हणून तो जात नाही. हक्क दुसऱ्याला देणे लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. छपाईचे पैसे माझ्याकडून घेऊन वर सर्व हक्क कायमचे मागणारा करार मजपुढेही आला होता. मी सही केली नाही. आपणही वाचल्यावाचून सही करू नका. स्वतः छापणारा लेखक हा प्रकाशकही असतो. म्हणून 1954 च्या कायद्यानुसार प्रसिद्धीपासून 30 दिवसांच्या आत कोलकाता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी. हा भुर्दंड मानू नका. आपल्या आजीची आठवण राष्ट्रीय ग्रंथालयात जतन होते, हे लहान काम नव्हे.

नोकरीत असणाऱ्यांनी आपले सेवानियम वाचावेत. केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत प्रासंगिक साहित्यिक कामास मुभा आहे. मात्र कर्तव्यास बाधा येता कामा नये. विक्रीचे टेबल मांडण्यापूर्वी कचेरीत लेखी विचारून घ्यावे. आम्हां वकिलांवर बार कौन्सिलचा निर्बंध आहे: व्याख्याने व पत्रकारिता करता येते, वकिलीची जाहिरात करता येत नाही. म्हणून माझ्या पुस्तकावर मी चालविलेल्या खटल्यांची यादी नाही आणि 'भेटा' असे आवाहनही नाही. पुस्तक विकण्याच्या निमित्ताने पक्षकार गोळा करणे हे नियमाविरुद्ध आहे आणि वाचकाशी अप्रामाणिकपणाचेही आहे.

शेवटी लेखक नसलेल्यांना एक विनंती. आपल्या शेजाऱ्याने पुस्तक छापले तर "एक प्रत दे की" असे म्हणू नका, "किंमत किती?" असे विचारा. विकत घ्या, घरात मोठ्याने वाचा, पटले नाही तर त्याला तसे सांगा. आपल्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले होते. आज आपल्या घरातील माणूस लिहितो, स्वतःच्या कमाईतून छापतो आणि आपल्या दारी घेऊन येतो. त्याला दारातून परतवू नका. आणि लेखकांनो, आज घरी गेल्यावर पलंगाखालचे गठ्ठे बाहेर काढा, धूळ झटका, प्रती मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावर आकडा लिहा. कामाला तेथूनच आरंभ होतो.

जय भीम!