व्यवस्थापनशिक्षणातील विशेष विषय आणि मुंबईची उपनगरे : स्वागताध्यक्षीय भाषण

एमबीए किंवा मुंबई विद्यापीठाची एमएमएस या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीचे पहिले वर्ष सर्व विद्यार्थ्यांना जवळजवळ सारखे असते. हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यवसायाचे कायदे, संघटनेतील माणसांचे वर्तन असे पायाभूत विषय होतात, उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत इंटर्नशिप होते आणि तिसऱ्या सेमिस्टरपासून वाटा फुटतात. फायनान्स, मार्केटिंग, ह्युमन रिसोर्सेस म्हणजेच एचआर, ऑपरेशन्स आणि सिस्टिम्स या त्यांतल्या रुळलेल्या वाटा. अलीकडे त्यांत बिझनेस अ‍ॅनालिटिक्स, आरोग्यसेवा, माध्यमे, कौटुंबिक व्यवसाय अशा नव्या वाटांची भर पडली आहे. या विषयांची यादी प्राध्यापकांनी एका बैठकीत ठरवलेली नाही. कुठे कायद्याने, कुठे कारखान्याच्या निकडीने, तर कुठे बाजारातल्या उलथापालथीने एकेक विषय उभा राहिला. भारतातील या घडणीचा मोठा भाग वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यात घडला. त्याच पट्ट्यात भरलेल्या या परिषदेत सर्व प्राध्यापक, उद्योजक आणि विद्यार्थी प्रतिनिधींचे स्वागत समिती मनापासून स्वागत करते.

एमबीए ही पदवी हार्वर्डने १९०८ मध्ये सुरू केली. पुढच्या पन्नास वर्षांत अमेरिकेत विशेष विषयांचे इतके पेव फुटले की, १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांनी स्वतंत्र अहवालांतून त्यावर कडक टीका केली. अभ्यासक्रम अरुंद आणि केवळ धंदेशिक्षणाचे झाले आहेत, त्यांना अर्थशास्त्राचा, गणिताचा आणि वर्तनशास्त्रांचा भक्कम पाया हवा, असा त्यांचा सूर होता. कोलकाता आणि अहमदाबाद येथे १९६१ मध्ये आयआयएम निघाल्या आणि मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने चर्चगेटला जमनालाल बजाज संस्था सुरू केली, तेव्हा ही टीका ताजी होती. आधी पाया आणि मग विशेष विषय ही आज सरावाची झालेली मांडणी त्या काळातली आहे. उपनगरांत या शिक्षणाचा खरा विस्तार झाला १९८१ मध्ये. विलेपार्ल्याचे नरसी मोनजी, अंधेरीचे एस. पी. जैन आणि विद्याविहारचे के. जे. सोमैया या तिन्ही व्यवस्थापन संस्था त्याच एका वर्षी निघाल्या. एस. पी. जैन संस्थेच्या उद्घाटनाला ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आल्या होत्या.

एचआर या विषयाची मुळे मात्र याहून जुनी आहेत. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने १९३६ मध्ये निघालेली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली आणि १९५४ पासून देवनारला स्थिरावली. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४९ ने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. अधिकारी हवेत म्हटल्यावर ते घडवणारे शिक्षणही हवे झाले आणि कार्मिक व्यवस्थापन व औद्योगिक संबंध हा अभ्यास पक्का झाला. हा अभ्यास वर्गाबाहेर कसा दिसतो हे याच परिसराने पाहिले. घाटकोपरच्या पंतनगरमध्ये दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत खाणकामगारांवर उपचार करता करता कामगार नेते झाले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. कुर्ल्याची कमानी ट्यूब्स १९८५ मध्ये बंद पडली तेव्हा कामगारांनी ती स्वतः चालवण्याची योजना मांडली आणि १९८८ मध्ये बीआयएफआर या आजारी उद्योगांच्या पुनर्रचनेसाठीच्या मंडळाने तिला मंजुरी दिली. आजच्या एचआरच्या वर्गात भरती, कामगिरीचे मूल्यमापन आणि प्रशिक्षण यांना जेवढे तास मिळतात, तेवढे औद्योगिक संबंधांना मिळत नाहीत. हे नुकसान आहे. प्रत्येक सिग्नलवर दिसणारे डिलिव्हरी करणारे तरुण कोणाचे कर्मचारी, हा प्रश्न २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ ही व्याख्या करून उघडपणे पुढे आणला आहे आणि त्याचे उत्तर शोधायला तोच जुना विषय लागणार आहे.

ऑपरेशन्सचा जन्म उत्पादकतेच्या चळवळीतला. पवईच्या डोंगरात, विहार तलावाजवळ १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने ‘नायटी’ उभी राहिली. औद्योगिक अभियांत्रिकीची ही राष्ट्रीय संस्था २०२३ च्या कायदादुरुस्तीने आयआयएम मुंबई झाली. शेजारच्या आयआयटीने स्वतःचे व्यवस्थापन विद्यालय १९९५ मध्ये काढले. नायटी निघाली तेव्हा लाल बहादूर शास्त्री मार्गावर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कारखान्यांची रांग होती. आज त्या रस्त्यावर मॉल आणि निवासी मनोरे अधिक आहेत, मालाची गोदामे भिवंडीकडे गेली आहेत आणि विषयाचे लक्षही यंत्रावरून पुरवठासाखळीकडे आणि सेवांकडे वळले आहे. आकडेमोड मात्र तीच राहिली. रांगेविषयीचा लिटलचा नियम साधा आहे : थांबलेल्या माणसांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. घाटकोपरच्या मेट्रो फलाटावर मिनिटाला ६० माणसे येतात आणि प्रत्येकाला सरासरी ४ मिनिटे थांबावे लागते असे धरले, तर कोणत्याही क्षणी फलाटावर २४० माणसे असणार. थांबण्याचा वेळ ३ मिनिटांवर आला की हीच संख्या १८० होते. फलाट रुंद न करता गर्दी कमी करण्याचा मार्ग या एका गुणाकारात दिसतो.

मार्केटिंगमध्ये ग्राहकाचे वर्तन, ब्रँड, जाहिरात, बाजार-संशोधन आणि विक्री-वितरण असे पोटविषय येतात. विद्यार्थ्यांचा ओढा पहिल्या तिघांकडे असतो, नोकरीची सुरुवात मात्र बहुतेकांची शेवटच्या पोटविषयापासून होते. इंटर्नशिपला आलेल्या मुलाला सकाळी नऊला डिस्ट्रिब्युटरच्या गोदामावर पोहोचून सेल्समनबरोबर ‘बीट’, म्हणजे ठरलेल्या दुकानांची फेरी, करावी लागते. मुलुंडच्या एखाद्या गल्लीतला वाणी आधी स्कीम विचारतो, मग मागच्या वेळचा एक्स्पायरीचा माल परत घ्या म्हणतो आणि शेवटी उधारीचे दिवस वाढवून मागतो. पुस्तकातले वितरण-मार्जिन, मालाचा परतावा आणि पत-धोरण हे तीनही धडे त्या एका काउंटरवर होतात. किंमत ठरवण्याचा धडा विलेपार्ल्याने दिला आहे. १९२९ मध्ये तिथे सुरू झालेल्या कारखान्याने गावाचेच नाव घेतले आणि पुढे पार्ले-जी देशभर पोहोचले. साखर, गहू, तेल महागले तरी छोट्या पुड्याची किंमत कंपनीने वर्षानुवर्षे हलवली नाही, वजन मात्र हळूहळू कमी केले. सुट्या नाण्यांत मोजणाऱ्या ग्राहकाला किंमत लगेच कळते आणि वजनातला फरक उशिरा जाणवतो, हा अनुभव त्यामागे आहे. तो ग्राहकाशी कितपत सरळ आहे, हाही मार्केटिंगच्याच वर्गात विचारायचा प्रश्न आहे. पार्ल्याचा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला.

फायनान्सला सर्वाधिक मागणी आहे आणि तिचे कारण वांद्रे-कुर्ला संकुलात उभे आहे. सेबी या रोखे बाजाराच्या नियामक संस्थेला १९९२ मध्ये वैधानिक अधिकार मिळाले, त्याच वर्षी राष्ट्रीय शेअर बाजाराची स्थापना झाली आणि १९९४ मध्ये तिथे संगणकाच्या पडद्यावर व्यवहार सुरू झाले. निर्देशांकाचे वायदे २००० पासून आले. बाजार असा बदलला तसा अभ्यासक्रमही बदलला. पोर्टफोलिओ, डेरिव्हेटिव्ह्ज, कंपनीचे मूल्यांकन या इलेक्टिव्हना गर्दी होऊ लागली. कर्जाची छाननी, म्हणजे कोणाला किती आणि कशाच्या भरवशावर उधार द्यायचे हा बँकिंगचा जुना धडा, मागे पडला. तो किती मोलाचा आहे हे भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणाने दाखवले.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध लादले आणि सुरुवातीला प्रत्येक खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा दिली. तपासात पुढे आलेला आरोप असा होता की, बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम, सुमारे ६,५०० कोटी रुपये, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेली. निवृत्त माणसांची आयुष्याची पुंजी त्यात होती, तशीच गृहनिर्माण सोसायट्यांच्या सिंकिंग फंडाच्या ठेवीही होत्या. विद्यार्थ्याने या प्रकरणाचा ताळेबंद उघडला तर फायनान्सचे किमान चार धडे एकदम समोर येतात : एका कर्जदाराकडे एकवटलेली जोखीम, थकलेले कर्ज अनुत्पादक म्हणून वेळेवर न दाखवणे, ठेवी आणि कर्जांच्या मुदतींतला मेळ, आणि लेखापरीक्षकाने कोणता कागद स्वतः तपासायचा व कोणता माहिती-प्रणालीतून आलेला तसाच मानायचा. चौथा धडा सिस्टिम्सच्या विद्यार्थ्याचाही आहे, कारण खाती बनावट असतील तर त्यांवरचा अहवालही तसाच निघतो. ठेवींच्या विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख रुपये झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. दरम्यान ठेवीदारांनी काढलेले दिवस कोणत्याही ताळेबंदात येत नाहीत. फायनान्स शिकवताना ते विसरता कामा नयेत.

सिस्टिम्सविषयी थोडक्यात सांगता येते. अंधेरीचे सीप्झ १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी सुरू झाले आणि पुढे सॉफ्टवेअर व जडजवाहिरांचेही केंद्र बनले. २०१६ मध्ये यूपीआय आल्यानंतर भाजीच्या गाडीवरचा व्यवहारही विदा निर्माण करू लागला. त्यामुळे पूर्वी स्वतंत्र असलेली सिस्टिम्सची वाट आता अ‍ॅनालिटिक्सच्या नावाने उरलेल्या सर्व विषयांत शिरली आहे आणि तिचे वेगळे अस्तित्व किती काळ राहील हा चर्चेचा मुद्दा आहे.

प्रत्यक्ष प्रश्न मात्र विषयांच्या कप्प्यांत मावत नाहीत. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानके, खासगी-सार्वजनिक भागीदारी. सवलत करारानुसार तिकीट ९ ते १३ रुपये असायचे होते. प्रकल्पाचा खर्च वाढला, तेव्हा मेट्रो चालवणाऱ्या कंपनीने केंद्रीय मेट्रो कायद्यातील पहिले भाडे ठरवण्याच्या अधिकाराचा आधार घेऊन १० ते ४० रुपये दर जाहीर केले आणि वाद उच्च न्यायालयात गेला. वाढीव खर्चाचा भार कोणी उचलायचा हा फायनान्सचा प्रश्न, प्रवासी किती भाड्यापर्यंत बस आणि रिक्षा सोडून येईल हा मार्केटिंगचा, चार डब्यांच्या गाड्या किती मिनिटांनी सोडायच्या हा ऑपरेशन्सचा, आणि करार मोठा की कायदा हा पहिल्या वर्षी कंटाळत वाचलेल्या व्यवसाय-कायद्यांचा. म्हणूनच स्पेशलायझेशन निवडताना मागच्या वर्षीच्या प्लेसमेंटचे पगार पाहणे हा कच्चा निकष आहे. आपल्याला कोणत्या प्रकारचे निर्णय वर्षानुवर्षे घ्यायला आवडतील आणि त्यांची जबाबदारी पेलेल, हे विद्यार्थ्याने इंटर्नशिपमध्ये ताडून पाहावे आणि मुख्य विषयाबरोबर शेजारच्या एखाद्या विषयाची दोन-तीन इलेक्टिव्ह जरूर घ्यावीत.

उपनगरांच्या अगदी दारातला एक प्रश्न अजून या अभ्यासक्रमांत पुरेसा आलेला नाही, तो सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या पुनर्विकासाचा. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील जुन्या तीन-चार मजली इमारतींच्या कार्यकारी समित्यांत बँकेतले निवृत्त कारकून, शिक्षक, छोटे दुकानदार असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९(अ) खालील निर्देशांनुसार त्यांना प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमावा लागतो, व्यवहार्यता अहवाल समजून घ्यावा लागतो, निविदा काढाव्या लागतात, विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी मागावी लागते आणि २०१९ च्या सुधारित निर्देशांप्रमाणे किमान ५१ टक्के सभासदांची संमती मिळवावी लागते. विकासक सांगतो तो कॉर्पस, म्हणजे एकरकमी निधी, आणि दरमहा भाडे यांचे आजचे मूल्य काढणे हे फायनान्सच्या पहिल्या सेमिस्टरचे गणित आहे. घर रिकामे करायला तयार नसलेल्या वृद्ध सभासदाशी बोलणे हे वर्तनशास्त्र आहे, आणि काम रखडले तर कोणती अट लागू होते हा करारकायद्याचा प्रश्न आहे. पुण्यातील वैकुंठ मेहता संस्था सहकार व्यवस्थापन शिकवते, परंतु तिच्यापर्यंत या समित्या पोहोचत नाहीत. अंधेरी, विलेपार्ले, विद्याविहार आणि पवई येथील वर्ग मात्र त्यांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी, फायनान्स, एचआर आणि ऑपरेशन्स यांतला एकेक असा गट करून, एका सोसायटीचे खरे कागद घेऊन, सभासदांच्या परवानगीने मराठीत केस लिहावी आणि ती त्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मांडावी, असा प्रस्ताव स्वागत समिती या परिषदेपुढे ठेवत आहे. त्यासाठी किती क्रेडिट द्यायचे, मार्गदर्शक कोणत्या विषयाचा असावा आणि कागदपत्रांच्या गोपनीयतेची हमी कशी द्यायची, हे ठरवण्याचे काम अभ्यासक्रमाच्या सत्रातील प्राध्यापकांकडे सोपवले आहे.