शिवाराची जाण आणि उद्यानाचा आराखडा

(शनिवार पेठ, पुणे येथे शेतकरी व रोपवाटिकाधारकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण बसलो आहोत तेथून शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर आहे. आपल्यापैकी काही जण सकाळी तो पाहूनही आले असतील. दिल्ली दरवाजातून आत गेले की इमारतींची जोती तेवढी दिसतात; १८२८ च्या आगीत वाडा जळाला. हजारी कारंज्याचा हौद मात्र अजून आहे. सोळा पाकळ्यांचे कमळ, आणि त्याला जवळजवळ दोनशे तोट्या. वाड्यासाठी आणि पेठांतील हौदांसाठी पाणी कोठून आले? नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तेथून दगडी बांधकामाच्या बंद नळाने ते शहरात आणले. पंप नाही, वीज नाही. सगळे काम उताराचे. वाटेत हवा निघून जावी म्हणून उच्छ्वास ठेवले. हा नळ ज्याने आखला त्याला त्या जमिनीचा चढउतार आपल्या वावरासारखा पाठ असला पाहिजे.

आजच्या विषयाचे मूळ येथे आहे. विद्यापीठात त्याला लँडस्केप आर्किटेक्चर म्हणतात. बंगल्यापुढे हिरवळ लावायची आणि कडेने चार गुलाब, एवढाच याचा अर्थ बरेच जण घेतात. खरे काम म्हणजे मोकळ्या जागेची आखणी. पावसाचे पाणी कोठून येते व कोठे मुरते, माणसे कोणत्या वाटेने चालतात, दुपारी सावली कोठे पडते, कोणत्या मातीत कोणते झाड धरते, हे सारे कागदावर मांडून जमिनीवर उतरवायचे. मग ती जागा शाळेची असो, रुग्णालयाची असो की महामार्गाच्या कडेची.

या व्यवसायाचा पाया घालणाऱ्यांत फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या अमेरिकन गृहस्थाचे नाव पहिले घेतात. हा मूळचा शेतकरी होता, हे फारसे कोणी सांगत नाही. न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन बेटावर त्याची शेती होती. तेथे तो नासपतीची झाडे लावीत असे. महाविद्यालयाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. १८५८ मध्ये त्याने व कॅल्व्हर्ट व्हॉक्स या वास्तुविशारदाने मिळून केलेला सेंट्रल पार्कचा आराखडा न्यूयॉर्क शहराने निवडला. जागा खडकाळ आणि दलदलीची. तेव्हा आधी शेतातल्यासारखे भाजक्या मातीचे नळ जमिनीत पुरून पाण्याचा निचरा केला. त्या कामावर शेतीच्या निचऱ्याचा जाणकारच नेमला होता. या विषयाचा विद्यापीठीय अभ्यासक्रम हार्वर्डमध्ये १९०० साली सुरू झाला, म्हणजे बाग आधी आणि पदवी मागाहून!

निचऱ्याचे महत्त्व मी स्वतः चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका शाळेच्या आवाराचे काम मिळाले. नकाशा देखणा काढला. मैदानाचा उतार मात्र नजरेने ठरवला, पातळी यंत्र लावले नाही. आषाढात पाणी व्हरांड्यात शिरले आणि हिरवळीखालची माती वाहून गेली. शेजारच्या मळ्यातले एक आजोबा म्हणाले, “साहेब, पाणी पूर्वी त्या बाभळीकडून जायचं. तुम्ही वाट बुजवलीत.” ती बाभूळ माझ्या नकाशात होती, पण तोडायच्या झाडांत! पुढे स्वखर्चाने चर काढून दिला.

म्हणून मला वाटते, की या विषयाला शेतकऱ्याची मुले हवीत. ताली घालणे, समपातळीवर बांध आखणे, विहिरीचा पाझर ओळखणे, हे ज्यांनी घरी पाहिले आहे त्यांना पहिल्या दोन वर्षांचा निम्मा अभ्यास ओळखीचा वाटेल. अडचण येते ती चित्राची आणि मापाची. तीही सरावाने जाते.

आता प्रवेशाविषयी. येथे पालकांचा गोंधळ होतो, कारण वाटा दोन आहेत. पहिली कृषी विद्यापीठाची: बी.एस्सी. कृषी किंवा उद्यानविद्या ही चार वर्षांची पदवी, आणि पदव्युत्तर शिक्षणात पुष्पशास्त्र व प्रांगण उद्यानविद्या. यात झाडांचे ज्ञान पक्के होते; बांधकाम व आराखडा कमी पडतो. दुसरी वास्तुकलेची: पाच वर्षांची बी.आर्क., मग दोन वर्षांची एम.आर्क. पुण्यात कर्वेनगरच्या डॉ. भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालयात आणि दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये हा विषय आहे. येथे रेषा पक्की होते. झाडाशी मात्र मुलांची ओळख पुस्तकातून होते. एक गोष्ट आजच लक्षात ठेवा. बी.आर्क.ला बारावीत गणित लागते. ‘शेतीकडेच जायचे आहे’ म्हणून पोराने अकरावीत गणित सोडले की दुसरी वाट तेथेच बंद झाली.

मग कृषी पदवीधराला हा व्यवसाय करता येतो का? १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावता येत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम ३७ मधून ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ वगळलेला आहे, आणि वनस्पती, वृक्ष व भूदृश्य यांच्या संदर्भात मोकळ्या जागांची रचना करणारा, अशी त्याची ओळख कायदा देतो. तेव्हा दार बंद नाही. मात्र त्या बळावर भिंती आणि जिन्यांचे नकाशे करू नयेत. ते काम ज्याचे त्याने करावे.

पहिली काही वर्षे ओढाताणीची जातात, हेही सांगून ठेवतो. एखाद्या जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. रोपवाटिकाधारकांचा याच्याशी थेट संबंध आहे. कोणती झाडे खपणार हे आराखड्यातील झाडांची यादी ठरविते. ती यादी करणाऱ्याने करंज, कांचन, बहावा, ताम्हण जवळून पाहिलेलेच नसतील, तर तो चित्रातली परदेशी झुडपे लिहितो, आणि तुमची देशी रोपे पिशवीत मुळे गुंडाळून बसतात. ती यादी लिहिणारा उद्या तुमच्या घरातला असू शकतो.

मुला-मुलींचा कल पाहावयाचा असेल तर सोपा उपाय आहे. येत्या पावसात त्यांच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि आपल्या शिवारातले पाणी कोठून कोठे जाते त्याचा नकाशा काढायला सांगा. बांध, झाडे, पायवाट, सगळे दाखवून. नकाशा वेडावाकडा आला तरी चालेल. पोरगे दुसऱ्या सरीला छत्री घेऊन पुन्हा तपासायला गेले, तर अकरावीचा अर्ज भरताना माझ्याशी अवश्य बोला.