टिकटिक होते, पण शेगडी पेटत नाही

दूध उतू गेलं, शेगडी पुसली आणि त्यानंतर ऑटो इग्निशनची नुसती टिकटिक ऐकू येते, बर्नर काही पेटत नाही. अशा वेळी आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. मग बर्नरशेजारची पांढरी, चिनी मातीची कांडी नीट पाहा. तिच्या टोकाच्या तारेतून बर्नरवर ठिणगी उडते. तारेवर साय करपली असेल किंवा ओल असेल, तर ठिणगी भलतीकडेच जाते. जुन्या टूथब्रशने टोक घासा, कोरडं करा. कांडीला केसाएवढी जरी चीर गेली असली, तरी ती बदलावीच लागते. चिकटवून भागत नाही.

टिकटिकच मंदावली असेल, तर दीड व्होल्टचा सेल बदलून पाहा. बटण सोडल्यावरही ती थांबत नसेल, तर बटणाखालच्या स्विचमध्ये पाणी शिरलेलं असतं. सेल काढा, प्लग असल्यास तोही काढा आणि शेगडी पूर्ण वाळू द्या.

गॅसचा वास येत असेल, तर मात्र रेग्युलेटर बंद करण्यापलीकडे यातलं काहीही करू नका. विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका. खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ क्रमांकावर फोन करा.