स्वतः सांगितलेले

तुळिंजच्या चाळींत घराघरांमधील भिंत पातळ असली, तरी कानी पडलेली गोष्ट बहुधा चाळीतच राहते. फेसबुकला अशी वेस नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे, मुंबईतील बंदविषयीच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली; एकीने तर त्याला केवळ पसंती दर्शविली होती! त्यावेळी लावलेले कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घटनाबाह्य ठरविले. २०१७ मध्ये खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला. तथापि, व्यक्तीने स्वतःच जाहीर केलेली माहिती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. लाभार्थ्याचे आधारकार्ड कार्यालयाने किंवा विद्यार्थ्याचा जातीचा दाखला शिक्षकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तर मात्र ते त्याने स्वतः सांगितलेले नसते. बहुधा त्याला कोणी विचारलेलेही नसते.