सैल जोड

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या मोटारीला मी दोन जादा दिवे बसवून घेतले. घाटात ते मिणमिणू लागले, पाठोपाठ जळकट वास आला. तारा नुसत्या पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. फ्यूज मात्र शाबूत! कारण सैल जोडाने प्रवाह वाढत नाही, रोध वाढतो. 10 अँपिअर प्रवाहाच्या वाटेत जोडाचा रोध केवळ 0.1 ओहम असला, तरी 12 व्होल्टांपैकी 1 व्होल्ट तेथेच खर्ची पडतो आणि 10 वॉट उष्णता त्या एका ठिकाणी निर्माण होते. म्हणून तारेच्या जाडीजोगे टर्मिनल योग्य पकडीने दाबून बसवावे आणि हादऱ्यांनी हलू नये अशी तार बांधावी. फ्यूजवर विसंबू नये. प्रत्येक जोड स्वतः ओढून पाहिल्याखेरीज घाट चढू नये.