तळ्याचा धडा मुलांस कसा द्यावा
(पनवेल येथें शिक्षकांपुढें केलेलें भाषण)



मी खेड्यांतला मास्तर. वकिली मला येत नाहीं. गेल्या सालीं एका पोरानें संविधानाचें कलम १५ घडाघड म्हणून दाखविलें आणि विचारलें, "गुरुजी, एवढ्या मोठ्या कायद्यांत विहिरीचें नि तळ्याचें नांव कशाला?" मी गप्प झालों. उत्तर आपल्याच जिल्ह्यांत, महाडास होतें.

ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत पास झाला, कीं सार्वजनिक पैशाचे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावे. १९२४ सालीं महाड म्युनिसिपालिटीनें चवदार तळें खुलें केलें. कागद दोन झाले, पण ओंजळभर पाणी कोणास मिळालें नाहीं! ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्याच दिवशीं त्या लोकांस मार खावा लागला. म्युनिसिपालिटीनें आपला ठराव परत घेतला. तळें खाजगी आहे, असा दावा कोर्टांत आला. हायकोर्टानें तो फेटाळला ता. १७ मार्च १९३७ रोजीं. दहा वर्षें! मुलांनीं तीं बोटांवर मोजलीं. मग २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या संविधानांत विहिरी, तळीं, घाट, रस्ते हीं नांवें कां आलीं, हें मला सांगावें लागलें नाहीं.

जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद खुला केला, हेंही मी सांगतों. पण पुढें लगेच विचारतों, घरधन्यानें हौद खुला करणें आणि कायद्यानें तळें सर्वांचें असणें, यांत फरक काय? यावर वर्गांत जी भांडणें होतात तींच खरी शिकवणी. उत्तर फळ्यावर लिहूं नका. (परीक्षेपुरतें शेवटीं लिहावें लागतेंच, असो.)

दुसरे दिवशीं मुलांस गांवांतले पाणवठे मोजावयास धाडावें. बांधले कोणाच्या पैशानें, दुरुस्ती कोण करतो, पाणी कोण भरतो, हें घरच्या वडीलधाऱ्यांस विचारावयाचें. आमच्याकडे एक पालक रागानें आले, "मास्तर, जुनीं गाऱ्हाणीं पोरांस कशाला?" मीं त्यांस वर्गांतच बसविलें. तेवढ्यांत एका मुलीनें आजीचें सांगणें वाचून दाखविलें. आजी लहानपणीं विहिरीपासून लांब उभी राही, आणि कोणी वरून घागरींत पाणी ओतील तेवढेंच घरीं नेई. विहीर तीच, अजून गांवांत आहे. पालक कांहीं बोलले नाहींत. पण तास संपेपर्यंत उठलेही नाहींत.