विजेचा माग आणि आपल्या शाळा



वळवाचे दिवस आले की ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून पाहा. गडगडाट कानी पडण्याआधीच त्यात कडकड सुरू होते. विजेबरोबर निघालेल्या रेडिओलहरी असतात त्या. गडगडाटाला १० किलोमीटर यायला सुमारे ३० सेकंद लागतात. या लहरी मात्र तत्क्षणी पोहोचतात. आता एखादे दूरचे स्टेशन लावा आणि ट्रान्झिस्टर सावकाश फिरवा. आत तारेचे वेढे घातलेली एक काळी कांडी असते. तिचे टोक स्टेशनच्या दिशेला वळले की आवाज अगदी क्षीण होतो. दिशा शोधण्याचे तत्त्व एवढेच.

इंग्लंडमध्ये वॉटसन-वॉट हे गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या काळात याच रीतीने वादळांचा माग काढीत होते. वैमानिकांना वेळीच सूचना मिळावी हा हेतू. रडारचे काम त्यांच्या हातून पुढे, १९३५ मध्ये झाले.

पण एका ठिकाणाहून फक्त दिशा कळते, ठिकाण कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या गावाहून दुसरी रेषा यावी लागते, आणि दोन्ही रेषा नकाशावर जिथे छेदतील तिथे वीज. दिशेत १ अंश चुकला तरी ६० किलोमीटरवर सुमारे १ किलोमीटरचा फरक पडतो. म्हणून आज बहुतेक ठिकाणी दिशेऐवजी वेळ मोजतात. प्रत्येक केंद्राचे घड्याळ उपग्रहाच्या संकेतावर मिळवलेले असते. लहर कोणाकडे आधी आली, कोणाकडे नंतर, यावरून जागा काढतात. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात लहर ३०० मीटर जाते, यावरून घड्याळ किती नेमके हवे ते समजावे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने आधी महाराष्ट्रात आणि मग देशभर असे जाळे उभारले. 'दामिनी' हे मोबाईलवरील सूचनेचे साधन त्याच संस्थेचे. मग शाळांनी कशाला यात पडावे? एक तर अकोल्याच्या डोंगरात शेळ्या राखणाऱ्याच्या हातात मोबाईल असेलच आणि त्याला रेंज असेलच असे नाही. शाळेची घंटा मात्र वस्तीला ऐकू जाते. दुसरे, भूमितीचा तास मुलांना याहून खरा कुठे मिळणार?

जर्मनीत प्राध्यापक एगॉन वांके यांनी सुरू केलेल्या 'ब्लिट्झऑर्टुंग' या जाळ्यात जगभरचे हौशी लोक स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घरी केंद्र बसवतात. हिशेब मात्र सर्वांच्या नोंदी एकत्र करून होतो. हीच पद्धत मला आपल्यासाठी योग्य वाटते. श्रीमंत शाळेने चारही यंत्रे आपल्याच आवारात बसवली तर उपयोग शून्य! केंद्रे दूरदूर हवीत. क्षेत्रफळात राज्यात सर्वांत मोठा असा आपला जिल्हा. अकोले, कोपरगाव, जामखेड, श्रीगोंदा असे चार कोपरे धरले तर जाळे बरे बसेल. प्रत्येक गावाने आपल्या यंत्राचा खर्च उचलावा आणि ज्या गावाला जमत नाही त्याचा वाटा इतरांनी भरावा, कारण त्याच्यावाचून आपली रेषा अपुरी राहते.

देणगीदारांना एक विनंती. यंत्राला पैसे मिळतात, उद्घाटनाला फोटोही निघतो. बॅटरी, इंटरनेट, तुटलेली तार यांना कोणी देणगी देत नाही, कारण बॅटरीवर नाव कोरता येत नाही. पण लोडशेडिंगमध्ये बंद पडलेले केंद्र म्हणजे केंद्र नव्हेच. जमा रकमेचा निम्मा भाग देखभालीसाठी बाजूला ठेवल्याशिवाय खरेदी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारेची चौकट खोलीतच ठेवता येते, उंच खांब लागत नाही. जागा मात्र बोअरच्या मोटारीपासून आणि ट्यूबलाइटपासून दूर पाहावी. त्यांच्या खरखरीत वीज हरवते. वादळ आले असताना कोणत्याही मुलाने यंत्र पाहायला मैदान ओलांडून जाऊ नये.

राहिला सुट्टीचा प्रश्न. वळीव येतो एप्रिल-मेमध्ये, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या शाळांना कुलूप असते. त्या दिवसांत खोलीची किल्ली कोणाकडे राहील आणि घंटा कोण वाजवील, ते प्रत्येक शाळेने यंत्राची ऑर्डर देण्याआधी लेखी कळवावे.